कार्ड बंद करा, पण कारण सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या ८४ वर्षांच्या आईसाठी श्रवणयंत्रे घ्यायला आम्ही गेल्या महिन्यात एका शनिवारी साताऱ्याहून पुण्याला गेलो होतो. दोन्ही कानांच्या यंत्रांचे मिळून ७४ हजार रुपये झाले, तेव्हा मी क्रेडिट कार्ड दिले आणि व्यवहार नाकारला गेला. दुकानदाराने दुसऱ्या मशीनवर प्रयत्न करून पाहिला, तरी तेच झाले. कार्डाची मर्यादा दीड लाखाची होती, मागील सर्व बिले वेळेवर भरलेली होती आणि कार्डाची मुदतही संपलेली नव्हती. शेवटी माझ्या भाच्याने त्याच्या खात्यातून पैसे भरले. बँकेने माझे कार्ड ब्लॉक केले आहे, हे मला संध्याकाळी ग्राहक सेवा क्रमांकावर २० मिनिटे थांबल्यावर कळले. तेही मी विचारले म्हणून. कारण काय, असे विचारल्यावर ‘सुरक्षेसाठी’ या एका शब्दापलीकडे उत्तर मिळाले नाही.

बँकेने संशयावरून कार्ड थांबवावे, याला माझा मुळीच विरोध नाही. महिनोन् महिने किराणा, औषधे, वीजबिल आणि विम्याचा हप्ता यांसाठीच वापरले जाणारे कार्ड एकदम दुसऱ्या शहरात ७४ हजारांना वापरले गेले, तर बँकेच्या यंत्रणेला शंका येणे योग्यच आहे. माझे म्हणणे त्यानंतर काय होते याविषयी आहे.

व्यवहार नाकारला गेल्यावर पाच-सात मिनिटांत मला एका साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून फोन आला होता. पलीकडची व्यक्ती हिंदीत बोलत होती. आपण बँकेतून बोलत आहोत असे सांगून तिने माझी जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार अंक विचारले, आणि मी फोन बंद केला. माझ्या जागी कोणत्याही सावध माणसाने तेच केले असते, कारण अनोळखी फोनवर कार्डाची माहिती देऊ नका, असे हीच बँक मला दर आठवड्याला संदेश पाठवून बजावते. कार्ड ब्लॉक राहण्याचे खरे कारण अकराव्या दिवशी एका अधिकाऱ्याच्या तोंडून बाहेर आले: ‘तुम्ही पडताळणीच्या कॉलला प्रतिसाद दिला नाही.’ म्हणजे बँकेने सांगितलेली खबरदारी मी पाळली, आणि त्याचाच मला भुर्दंड बसला. सेवा आणि व्यवहारविषयक फोनसाठी बँकांनी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्येच सांगितले आहे. तो फोन अशा क्रमांकावरून आला असता, तर मी तो नक्कीच बंद केला नसता.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की मला एकही लेखी सूचना मिळाली नाही. क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या निर्देशांत याबाबत स्पष्ट तरतूद आहे. बँकेने स्वतःच्या निर्णयाने कार्ड ब्लॉक किंवा निलंबित केले, तर ते संचालक मंडळाने मान्य केलेल्या कार्यपद्धतीनुसारच करावे आणि कार्डधारकाला एसएमएस, ईमेल वगैरे मार्गांनी ताबडतोब, कारणासह कळवावे, असे त्यात म्हटले आहे. ‘कारणासह’ हा शब्द मी सोमवारी शाखेत व्यवस्थापकांना वाचून दाखवला. त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की कार्डाचा विभाग वेगळा असल्याने शाखेला त्यांच्या संगणकावर काहीच दिसत नाही. हे खरे असेल. परंतु मी ते कार्ड याच शाखेत, याच टेबलावर अर्ज भरून घेतले होते आणि अर्ज घेताना विभाग वेगळा असल्याचे मला कोणी सांगितले नव्हते.

एसएमएस तांत्रिक अडचणीमुळे गेला नसेल, असा खुलासा मला नंतर तोंडी देण्यात आला. तो मला पटत नाही. विम्याचा हप्ता आणि वीजबिल माझ्या त्याच कार्डावरून आपोआप भरले जाते. अशा वसुलीची सूचना किमान २४ तास आधी देण्याचे बंधन बँकांवर २०२१ पासून आहे आणि त्यानुसार कार्ड बंद असतानाही ‘उद्या आपल्या कार्डावरून हप्ता वळता होईल’ हा संदेश माझ्या मोबाइलवर वेळेवर आला. दुसऱ्या दिवशी अर्थातच हप्ता नाकारला गेला. पैसे घेण्याची सूचना ज्या क्रमांकावर पोहोचते, त्याच क्रमांकावर कार्ड बंद केल्याची सूचना पोहोचू शकत नाही, हे कसे मानायचे? बँकेच्या ॲपमध्येही तेवढे दिवस माझ्या कार्डासमोर ‘सुरू’ असेच दिसत होते, कारण तिथले बटण ग्राहकाने चालू-बंद करायच्या सोयीपुरते आहे, बँकेने घातलेला अडसर त्यात दिसत नाही.

इथे इतर कार्डधारकांना एक सांगावेसे वाटते. कार्ड ब्लॉक असले तरी आधीच्या खर्चाचे बिल आणि त्याची अंतिम तारीख थांबत नाही. तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेला की बँक विलंब शुल्क लावू शकते आणि थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, पाठवू शकते. रागाच्या भरात ‘आधी कार्ड सुरू करा, मग पैसे भरते’ असे म्हणणारी माझी एक मैत्रीण यात अडकली आहे. मी पैसे वेळेवर भरले.

पाचव्या दिवशी मी लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घेतला आणि सोळाव्या दिवशी एका ओळीच्या संदेशाने कार्ड पुन्हा सुरू झाले. या काळात मी लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडे, जाण्याची चौकशी केली होती. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार आधी बँकेकडे तक्रार करावी लागते आणि बँकेने फेटाळली किंवा तिचे उत्तर समाधानकारक नसले तर, अथवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही तर, लोकपालाकडे दाद मागता येते. चुकीचे शुल्क किंवा व्याज यांच्या वादासाठी ३० दिवस ठीक आहेत. पण दवाखान्यात किंवा परगावी अडकलेल्या माणसाच्या बंद कार्डासाठी बँकेने नुसते मौन बाळगले, तर त्याने महिनाभर काय करायचे? कार्ड कायमचे बंद करण्याची ग्राहकाची विनंती, थकबाकी नसताना, सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली नाही तर बँकेला दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनाकारण बंद ठेवलेले कार्ड सुरू करण्यासाठी मात्र अशी मुदत किंवा दंड माझ्या वाचनात आलेला नाही.

याचे मूळ मला असे दिसते. तिसऱ्याच कोणाच्या गैरकृत्याने फसवणूक झाली आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर काहीच तोशीस पडत नाही, नुकसान बँकेने सोसायचे असते. हा नियम उत्तम आहे. त्यामुळे कार्ड ब्लॉक करण्यात बँकेचे स्वतःचे पैसे वाचतात. ते पुन्हा सुरू करण्यात मात्र तिचा काहीच तातडीचा लाभ नाही, आणि मधल्या दिवसांची सगळी गैरसोय एकट्या ग्राहकाची असते. म्हणून ही घाई नियमानेच लावावी लागेल. ज्या ॲपमध्ये ग्राहक कार्ड चालू-बंद करतो, तिथेच बँकेने घातलेला अडसर, त्याचे कारण आणि ‘हा व्यवहार माझाच आहे’ असे पिन टाकून कळवण्याची सोय असावी. ॲप न वापरणाऱ्या ज्येष्ठांची पडताळणी ओळखपत्र पाहून शाखेत व्हावी, आणि ग्राहकाने खात्री पटवून दिल्यावर एका कामकाजाच्या दिवसात कार्ड सुरू झाले नाही, तर दररोजची भरपाई मिळावी.

ब्लॉक केल्याचा एसएमएस खरोखर पाठवला होता काय आणि तो पडताळणीचा फोन बँकेचाच होता काय, हे दोन प्रश्न मी बँकेला लेखी विचारले आहेत. कार्ड सुरू झाले, परंतु त्यांचे लेखी उत्तर अद्याप आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा