आधी मीटर लावा, मग पार्ट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मारुती ओम्नी व्हॅन 1999 सालची आहे. पहाटे उठून केलेले 46 डबे मी तिच्यातून शिरोली एमआयडीसीत पोचवते. शिये रस्त्यावर पाणी आलं की कावळा नाक्यावरून हायवेने जाते, पण दुपारी साडेबाराच्या आत डबा कामगाराच्या हातात असतो. यंदा जूनमध्ये ही व्हॅन नऊ दिवस दारात उभी राहिली. त्या नऊ दिवसांबद्दल लिहायचं आहे, कारण जुन्या गाडीवर पोट असलेली माझ्यासारखी माणसं या शहरात पुष्कळ आहेत.

किल्ली फिरवली की सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, नुसता 'कट' आवाज यायचा. कधी अर्धा फेरा घेऊन थांबायचा. हेडलाइट मात्र लख्ख. गल्लीतल्या पोरांनी उतारावर धक्का मारला की गाडी लगेच सुरू व्हायची आणि मग सुरळीत चालायची. एका गॅरेजमध्ये दाखवली. पहिल्या दिवशी बॅटरी बदलली, 4,200 रुपये. फरक नाही. मग सेल्फ उतरवून त्याचं वाइंडिंग भरून आणलं, 1,900. तरी नाही. मग ठिणगी देणारी कॉइल आणि तिन्ही प्लग, 1,150. एकूण 7,250 रुपये गेल्यावर मला सांगितलं, "गाडी म्हातारी झाली, आता भंगारात घाला." त्या रात्री मी घरी येऊन रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. नवीन गाडीचा हप्ता डब्यांवर निघत नाही.

दहाव्या दिवशी उद्यमनगरातले एक वयस्क मिस्त्री घरी आले. त्यांनी पाना हातात घेतला नाही, आधी मला प्रश्न विचारले. मग म्हणाले, "वहिनी, धक्क्यावर सुरू हुतीया न्हवं? मग पेट्रोल बी हाय आन् करंट बी हाय. दुखणं सेल्फच्या वाटंवर हाय." म्हणजे कॉइल-प्लगला हात लावायचं कारणच नव्हतं. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होत नव्हते, म्हणजे बॅटरीही दोषी नव्हती. त्यांनी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. सेल्फ मारतानाही बॅटरीवर 11.6 व्होल्ट टिकून होते. बॅटरी खचलेली असती तर आकडा धाडकन 9 च्या आसपास आला असता.

मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं, मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको. दिसले 3.6 व्होल्ट! एवढे व्होल्ट वाटेतच मरत होते. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघा म्हणाले. ती कोमट झाली होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते, म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या जाळीची अर्थिंगची पट्टी असते. ती पट्टी गंजली की करंट मिळेल त्या वाटेने, अशा बारीक केबलमधून जाऊ बघतो.

2021 च्या जुलैत पुराच्या पाण्यात माझी व्हॅन दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत उभी होती. पट्टी तेव्हापासून आतल्या आत हिरवी पडत गेली असणार. आधीच्या गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट येतो का ते बघायचा छोटा बल्ब, लावला होता, तो पेटलाही होता. पण त्या बल्बला दोन अँपिअरसुद्धा लागत नाहीत, सेल्फला शंभराच्या वर लागतात. चार तारा शिल्लक असल्या तरी बल्ब पेटतो.

मिस्त्रींनी जंपर वायरने बॅटरीची निगेटिव्ह थेट इंजिनाला जोडली. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात उचलली. नवी पट्टी 180 रुपयांना आली. टोकं घासून, व्हॅसलीन लावून बसवली. पुन्हा मीटर लावला, 0.15 व्होल्ट.

मीटरची ही तपासणी कुणालाही दोघांत मिळून करता येते, फक्त गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. सेल्फ जोरात फिरूनही गाडी सुरू होत नसेल तर प्रश्न वेगळा, तिथे पेट्रोल आणि ठिणगी बघावी लागते. ते मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, पेट्रोलचा वास येत असताना प्लग काढून ठिणगी पाहू नये.

माझी गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती आहे की पार्ट बदलण्याआधी मीटरचा आकडा बिलावर लिहा आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्या. कोल्हापूरच्या मिस्त्रींच्या हाताला मान आहे, उद्यमनगराने ऑइल इंजिनं घडवली आहेत. अंदाजाने पार्ट बदलत जाणं त्या हाताला शोभत नाही. दुसरी विनंती कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयला. पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस मुलांना मीटर देऊन जुन्या रिक्षा, टेम्पो, व्हॅन यांच्या बॅटरीची आणि अर्थिंगची तपासणी करू द्यावी. पोरांचा हात बसेल. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या आधी घ्याव्यात. पहिल्या रांगेत मी माझी व्हॅन घेऊन येईन, आणि त्या दिवशी मुलांचं जेवण माझ्याकडून.

आपली,
डबे पोचवणारी एक वाचक,
कसबा बावडा, कोल्हापूर