ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी कॅबिनेटचं झाकण काढून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी गेमिंग पीसीवर लेख आला होता. कार्ड कुठलं घ्यावं, किती जीबीचं घ्यावं, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) किती मिळतात सगळं व्यवस्थित दिलं होतं, पण तापमानाचा विषय मात्र एका ओळीत उरकला, की ८० डिग्रीच्या वर गेलं की धोका, चांगला कूलर बसवा. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय, कारण असलंच काहीतरी ऐकून मी दीड वर्ष नको त्या गोष्टींच्या मागे पळत होतो.

माझं कार्ड गेम सुरू केल्यावर पंधरा मिनिटांत ८४ डिग्रीला जायचं, फॅन असे ओरडायचे की हेडफोन घातले तरी ऐकू यायचं, आणि मधेच गेम अडखळायचा. कार्डच खराब आहे असं धरून चाललो. थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधे लावतात ती) बदलली, दोन जास्तीचे फॅन लावले, त्यातला एक उलटा लावला हे नंतर कळलं, फरक शून्य. मग एक दिवस धूळ काढायला बाजूची काच काढली आणि परत लावायचा कंटाळा केला, तसाच गेम लावला तर ७३! तेच कार्ड, तोच गेम, खोलीही तीच, आणि ११ डिग्री कमी. म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललं होतं इतके दिवस. माझ्या कॅबिनेटला पुढून अख्खी काच आहे, आतले रंगीत दिवे दिसावेत म्हणून, आणि हवा आत यायला कडेला बोटभर फट. मागे तीन फॅन जीव तोडून फिरतायत पण ओढायला हवाच नाही तर ते काय करणार.

ही टेस्ट फुकटात होते म्हणून सगळ्यांना सांगावीशी वाटते. बाजूचं पॅनेल लावून अर्धा तास गेम चालवा, आकडा लिहून ठेवा, मग पॅनेल काढून परत अर्धा तास. पाच-सात डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला तर कार्डाला शिव्या देऊ नका, हवेचा रस्ता कुठे अडतोय ते बघा. फरक जेमतेम एक-दोनचा असेल तर मात्र कार्डाच्या कूलरकडे, पेस्टकडे, धुळीकडे बघायला हरकत नाही. (कायम उघडंच ठेवा असं म्हणत नाहीये, धूळ बसते आणि हवा भलतीकडूनच फिरते.)

मुळात कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाचं रेटिंग १७० वॉटचं आहे, ४०९० चं ४५० वॉट, म्हणजे टेबलाखाली छोटा हीटरच लावल्यासारखं झालं. पूर्वीची ब्लोअर टाइप कार्डं निदान गरम हवा मागच्या पट्टीतून बाहेर तरी फेकायची, आवाज भयंकर असायचा तो भाग वेगळा. आताची दोन-तीन फॅनवाली बहुतेक कार्डं ती कॅबिनेटच्या आतच सोडतात. ती हवा पटकन बाहेर गेली नाही तर कार्ड स्वतःचीच गरम हवा परत ओढतं, आणि मग त्यावर कितीही भारी कूलर असला तरी उपयोग काय.

आता ८० च्या भीतीबद्दल. एनव्हिडियानेच ४०९० ची कमाल मर्यादा ९० आणि ३०८० ची ९३ डिग्री दिलीय, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून कार्ड आपला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, थोडा थोडा खाली आणत जातं, जळून जायची वाट बघत बसत नाही. फुल लोडवर ७५-८० हे नॉर्मल आहे. हॉटस्पॉट म्हणून जो दुसरा आकडा दिसतो तो चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा असतो, तो साध्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा जास्त असायचाच, त्याला घाबरून काही लोक रात्रभर झोपत नाहीत. दोन्हीतलं अंतर तीसच्या आसपास गेलं तर मात्र पेस्ट सुकली असेल किंवा कूलर नीट टेकलेला नसेल. आणि कार्ड तापमानामुळे मंदावतंय की दुसऱ्या कशामुळे हे जीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये सरळ लिहून येतं, अंदाज करायची गरज नाही. माझ्यासारख्याने ते आधीच बघायला हवं होतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बऱ्याच रिव्ह्यूत ‘कार्ड ६८ डिग्रीला चाललं’ असं छापून येतं पण खोलीचं तापमान काय होतं ते लिहिलेलंच नसतं. कूलर कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त दोन्हीतला फरक सांभाळतो. २२ डिग्रीच्या एसी खोलीत ६८ दाखवणारं कार्ड ३५ डिग्रीच्या खोलीत साधारण ८१ ला जाणार, आणि त्यात बिघाड काहीच नसतो! वाचणारा मात्र आपला पीस खराब निघाला म्हणून रिप्लेसमेंट मागत बसतो. मी मागितली होती, आणि त्यांनी तपासून जसंच्या तसं परत पाठवलं. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबरच होतं त्यांचं.

फॅनबद्दल पण फार गैरसमज आहेत. गरम हवा वर जाते म्हणून वर फॅन लावलेच पाहिजेत असं सगळे म्हणतात, पण फॅनच्या जोरापुढे ती आपोआप वर जाणारी हवा म्हणजे काहीच नाही, फॅन ढकलेल तिकडे ती जाते. पुढून दोन-तीन आत आणि मागून एक बाहेर एवढ्यात बहुतेकांचं भागतं. उलट वरच्या बाजूला अगदी पुढे एक्झॉस्ट (हवा बाहेर काढणारा फॅन) लावला तर पुढून आलेली थंड हवा कार्डापर्यंत पोचायच्या आधीच तो ती बाहेर काढून टाकतो. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली तर ती फिल्टरमधूनच येते आणि धूळ तिथे अडते, नाहीतर ती प्रत्येक फटीतून घुसते. आणि फॅन लावताना ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते एवढं लक्षात ठेवलं असतं तर माझा तो उलटा फॅन महिनोन्महिने सरळ फॅनशी भांडत बसला नसता. धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती भन्नाट फिरली की बेअरिंगचं वाटोळं होतं.

आणि काही विकत न घेता सगळ्यात जास्त फरक पडतो तो पॉवर लिमिटने, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची त्याला मर्यादा घालून. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये लिमिट १०० वरून ८० टक्क्यांवर आणलं की एफपीएस थोडेच कमी होतात पण उष्णता चांगलीच उतरते, कारण शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठी कार्ड भरमसाट वीज ओढत असतं. ज्यांना वेळ आहे त्यांनी अंडरव्होल्ट करावं, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करावं, त्यात स्पीड जवळपास तेवढाच राहतो, फक्त सेटिंग थोडं थोडं बदलत टेस्ट करत बसावं लागतं. फ्रेम लिमिट पण लावा, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेमच दाखवणारा, आणि गेमच्या नुसत्या मेनूत कार्ड शेकडो फ्रेम काढत तापतंय, कशाला?

तर माझी मागणी एवढीच, की पुढच्या वेळी कार्ड किंवा आख्ख्या पीसीबद्दल छापाल तेव्हा तापमानाच्या आकड्याशेजारी खोलीचं तापमान द्या, कॅबिनेटला पुढून जाळी होती की काच तेही लिहा, आणि जमलं तर बाजूचं पॅनेल लावून आणि काढून असे दोन्ही आकडे द्या. तीन शब्दांची जागा जाईल फार तर. फोटो चकाचक काचेच्या कॅबिनेटचाच छापा, माझी हरकत नाही, दिसतं ते सुंदरच. माझी पुढची काच सध्या काढून कपाटामागे उभी करून ठेवलीय आणि तिच्या जागी जाळी लावलीय, दिवे पहिल्यासारखे दिसत नाहीत पण काल तासभर खेळून, बाजूचं पॅनेल लावलेलं असताना, खोलीत ३१ असताना कार्ड ७४ वर होतं.

आपला,
एक नियमित वाचक