नॅनोकणांचे तंत्र: एक दुरुस्ती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लेसरने नॅनोकण (मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे बारीक कण) तयार करण्यावरचा लेख वाचला. अशा विषयाला अर्धे पान दिलेत याबद्दल आधी आभार. एरवी आमच्या वाट्याला विज्ञान येते ते २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ज्वालामुखीच्या मॉडेलशेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या फोटोतून. पण लेखातले एक वाक्य खटकले: हे तंत्र जपान-जर्मनीत जन्मले आणि आता भारतात येऊ घातले आहे. येऊ कसले घातले आहे? त्याचा पहिला प्रयोग सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांत गाठता येणाऱ्या पुण्यात झाला होता.

१९८७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या अमेरिकी नियतकालिकात पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून गेलेला एक शोधनिबंध छापून आला. लेखकांत पाटील, कुलकर्णी, घैसास, कानेटकर, ओगले, भिडे ही नावे आहेत; आमच्या शाळेचा हजेरीपट वाटावा अशी. त्यांनी लोखंड पाण्याखाली ठेवून त्यावर रूबी लेसरचा झोत मारला. पृष्ठभागावर जी ऑक्साइडे तयार झाली त्यांत साध्या तापमानाला स्थिर न राहणारी रूपेही सापडली. आज या विषयाचा इतिहास सांगणारे जगभरचे आढावे बहुधा याच निबंधापासून सुरुवात करतात.

आपल्या लेखकावर अन्याय नको म्हणून हेही लिहितो. पुण्याच्या मंडळींचे लक्ष लोखंडाच्या पृष्ठभागावर होते. धातूचे कण द्रवात तरंगत ठेवून रंगीत द्रावण मिळवण्याचे काम १९९३ च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत झाले; जपानी संशोधकांनी पुढे कणांच्या आकारावर ताबा मिळवण्यात मोठी भर घातली. त्यामुळे जपान-जर्मनीची नावे येणारच. पुण्याचे गाळले, एवढीच तक्रार.

दुसरे असे की लेखात कृती आली, पण त्यातली गंमत राहून गेली. लेसरच्या एका स्पंदात, म्हणजे एका झटक्यात सुटणाऱ्या झोतात, ऊर्जा असते साधारण ०.१ ज्यूल. शेंगाचटणीची शंभर ग्रॅमची पुडी टेबलावरून दहा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच. मात्र ती १० नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) सुटते, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती शक्ती १ कोटी वॅट, आणि तीही मिलिमीटरहून लहान ठिपक्यावर. तिथला धातू त्या क्षणातच वितळून, उकळून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, होऊन उसळतो. हवेत हा लोळ पसरून गेला असता. पाणी त्याला चहूबाजूंनी दाबून धरते. तापमान हजारो अंश, दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट. मग एक बुडबुडा फुगतो, सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागात मिटतो आणि त्या धांदलीत अणू एकत्र येऊन स्फटिक गोठतात. लोहार विळ्याला पाणी देतो तसेच हे, फक्त इथे थंड व्हायला इतका कमी वेळ मिळतो की अणूंना आपली नेहमीची जागा शोधायलाही सवड नसते. ग्रॅफाइटवर पाण्याखाली लेसर मारून हिऱ्याचे नॅनोस्फटिक मिळाले आहेत ते यामुळेच.

माझे वडील आयुष्यभर रंगाईत होते. सुताच्या लडी हौदात बुडवून बुडवून त्यांच्या नखांतला लाल रंग जेवतानाही जात नसे. मी भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यावर त्यांना सांगितले, की सोन्याचे कण १०-२० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग) केले तर पाणी माणकासारखे लाल होते, चांदीचे केले तर पिवळे. त्यांनी विचारले, “मग रंग कोणता टाकतात?” कोणताच नाही. सोन्याचे इतके बारीक कण हिरवा प्रकाश (५२० नॅनोमीटरच्या आसपासचा) गिळतात आणि लाल सोडून देतात. त्यांना ते पटले नाही. मीच त्यांची थट्टा करतोय असे त्यांना शेवटपर्यंत वाटले.

लेसरच्या या पद्धतीत रंगही नाही आणि रसायनेही जवळपास नाहीत. नेहमीच्या रासायनिक पद्धतीत धातूचा क्षार, त्यातून धातू सुटा करणारे क्षपणक आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आणखी काहीतरी घालावे लागते. ते कणांवर बसून राहते, उरलेले सांडपाण्यात जाते. इथे धातू, शुद्ध पाणी आणि प्रकाश पुरतो. पण साध्या लेसरवर तासाला मिलिग्रॅमांतच माल निघतो. तयार कण आणि बुडबुडे पुढच्या स्पंदाची वाट अडवतात. जर्मनीत २०१६ मध्ये ५०० वॅटचा लेसर आणि वेगाने फिरणारा आरसा वापरून तासाला ४ ग्रॅमपर्यंत मजल गेली. त्या यंत्राची किंमत आपण विचारू नये. तेव्हा ‘लवकरच सोलापुरी टॉवेलवर लेसरची चांदी’ हे लेखातले भाकीत मला घाईचे वाटते.

तसे ‘नॅनो’ टॉवेल बाजारात आलेच आहेत. एका दुकानात मी विचारले, धातू कोणता, कण किती नॅनोमीटरचे, किती धुण्यांनंतर टिकतात? चांदी धुण्याच्या पाण्यात उतरते हे अभ्यासांत दिसलेले आहे, म्हणून विचारले. दुकानदाराने दहा टक्के सूट देऊ केली.

पुढच्या रविवारी आतल्या पानावर, दोन ओळींत का होईना, १९८७ आणि पुणे एवढी दुरुस्ती छापावी. आडनावांनाही जागा मिळाली तर बरे. आमच्या भागात कुलकर्णी-पाटलांची पोरे पुष्कळ आहेत, आणि ती पेपर वाचतात.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
साखर पेठ, सोलापूर