गळा धरलाय तर ओरडायचं कशानं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कुणी मागून धरलं तर काय करायचं यावर अर्धं पान छापलंय तुम्ही, चार फोटो टाकून. कालच लिहायला बसणार होते, म्हटलं राग शांत होऊ दे, तो काही झाला नाही म्हणून आज लिहितेय. पहिली सूचना काय, तर जोरात ओरडा. आणि शेजारच्या फोटोत त्या माणसाचा हात कुठंय, तर मुलीच्या गळ्याभोवती. अहो, गळा धरलाय तर ओरडायचं कशानं?

मी हे ऐकीव सांगत नाहीये. २०१७ चा नोव्हेंबर, पहाटेचे पावणेसहा, दूध घेऊन कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यानं घरी येत होते, हातात अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या. मागून पावलं वाजली, वाटलं कुणीतरी फिरायला निघालंय, आणि एकदम गळ्याला विळखा. त्याचं कोपर माझ्या हनुवटीखाली आणि दुसरा हात मंगळसूत्रावर. मी ओरडले, म्हणजे मला वाटलं ओरडले, बाहेर नुसतं घर्र असं काहीतरी आलं. तो उंच होता, त्यानं मागं ओढलं तशा माझ्या टाचा उचलल्या गेल्या, चवड्यांवर लोंबकळत होते मी, आणि तुमचा फोटो नंबर दोन म्हणतो टाचेनं त्याच्या पायावर मारा. जी टाच जमिनीलाच लागत नाही ती मारणार कशी?

मी वाचले ते वडिलांमुळे. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, आबा गंगावेस तालमीत जायचे, आणि संध्याकाळी अंगणात माझ्या भावाला धरून शिकवायचे. मला नाही, भावाला. मी दारात बसून तांदूळ निवडत बघायचे. "मागनं ताबा घेतला की ताठ हुबा ऱ्हायलास तर संपलास, बूड खाली टाक, मग हात फोड," हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. त्या पहाटे डोक्यात काही आठवलं वगैरे नाही, अंगानंच केलं. दोन्ही हातांनी त्याचा हात धरून लोंबले, मान त्याच्या कोपराकडे वळली आणि सरळ खाली बसले. माझं सगळं वजन त्याच्या त्या एका हातावर आलं, तो वाकला, मी गुडघ्यांवर पडले, दुधाच्या पिशव्या फुटल्या आणि तो अर्धं मंगळसूत्र घेऊन पळाला. वाट्या माझ्या ब्लाऊजमध्ये राहिल्या होत्या. काळे मणी चार दिवसांनी बुटाच्या तळव्यातल्या खाचेत सापडले, पिन घेऊन एकेक काढत बसले होते, तेव्हा रडले मी, त्याआधी नाही.

आणि चौकीत पहिला प्रश्न काय, तर ओरडला का नाहीत? बसलेल्या आवाजात मी तीनदा सांगितलं की गळा दाबलेला होता. तरी लिहून घेताना 'आरडाओरडा केला नाही' असंच लिहिलं. म्हणून तुमची ती पहिली सूचना वाचून माझं डोकं फिरलं. उद्या एखादी मुलगी वाचेल, ओरडायला जाईल, आवाज निघणार नाही आणि तिला वाटेल आपणच कमी पडलो. आणि नंतर विचारणारेही हेच विचारतील.

गळ्याच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, ज्युदोत हा डाव शिकवतातच की. म्हणजे पहिलं काम मारणं नाही, ओरडणं नाही, गळा मोकळा करणं. हनुवटी छातीकडे घेऊन त्याच्या कोपराच्या खाचेकडे वळवायची, तिथं थोडी फट मिळते, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढायचा आणि बसायचं. श्वास आला की मग टाच मारा, कोपर मारा, जांघेत मारा, उजेडाकडे पळा आणि तेव्हा ओरडा हवं तेवढं. कंबरेला मिठी मारली असेल आणि आपले हात मोकळे असतील तर गोष्ट वेगळी, तिथं ओरडताही येतं आणि त्याचं एकच बोट धरून उलटं वाकवताही येतं. तुमच्या लेखात गळा आणि कंबर सगळं एकाच उपायात घातलंय. आणि पेपर स्प्रे पर्समध्ये ठेवा म्हणे! दोन्ही हात गळ्याशी अडकलेत, पर्सची चेन कोण उघडणार?

रविवारीच पुतण्याला बोलावलं, जिमला जाणारा सहा फुटी पोरगा आहे. स्वयंपाकघरात म्हटलं धर मला फोटोत आहे तसं, पण गळ्यावर जोर देऊ नको आणि हातावर थाप मारली की लगेच सोड. तुमच्या फोटोप्रमाणे कोपर मारलं. तो म्हणाला, "काकू, हे लागतपण नाहीये." कसं लागणार, तो पाठीला चिकटलेला, कोपर मागं न्यायला जागाच नाही, तुमच्या फोटोत दोघांमध्ये वीतभर अंतर आहे म्हणून जमतंय. मग मी नुसती खाली बसले तर तो असा वाकला की त्याला ओटा धरावा लागला. मी ५८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी जमलं. मात्र गळ्याची पकड घरी आपली आपण कुणी करून बघू नये, शिकवणारा समोर हवाच, हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. आणि ज्याचा गळा खरंच दाबला गेलाय त्यानं वळ दिसत नसले तरी डॉक्टरकडे जावं, आतून सूज नंतर वाढू शकते. मी चार दिवस घोगऱ्या आवाजात फिरले, नणंद ओरडली तेव्हा गेले.

शेवटच्या चौकटीत 'कायदा हातात घेऊ नका' छापलंय. कुणाला सांगताय हे? जिला मागून धरलंय तिला? स्वतःचा जीव वाचवायचा हक्क कायद्यानंच दिलाय, आधी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहे. दर्शन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगितलंय की जीव धोक्यात असलेल्या माणसानं तराजूत तोलून मारावं अशी अपेक्षा करता येत नाही. हक्क धोका असेपर्यंतच आहे, तो पळाल्यावर पाठलाग करून बदडायचा नाही, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.

आमच्या नातीच्या शाळेत ८ मार्चला दोन तासांचं शिबिर झालं, सगळ्या मुली रांगेत उभ्या करून हवेत बुक्के मारायला लावले आणि सर्टिफिकेट दिलं. कुणी कुणाला धरलंच नाही! मी तिला विचारलं मागून धरलं तर काय करशील, म्हणाली बुक्का मारीन. मागच्याला बुक्का कसा मारणार गं बाई? आता दर शनिवारी मी तिला ज्युदोच्या क्लासला नेते. आबांनी मला दारात बसवलं, हिला नाही बसू द्यायची.

जाता जाता अजून एक. तुमच्या बातम्यांत पंचावन्नच्या पुढची बाई दिसली की 'वृद्धेचे मंगळसूत्र हिसकावले'. मी पहाटे पाच किलोमीटर चालते. वय लिहा, महिला लिहा, वृद्धा कशाला?

लेख पुन्हा करा ही विनंती. कुस्तीचा किंवा ज्युदोचा कोच बोलवा, फोटोतल्या माणसाला खरोखर धरायला सांगा. ते जमेल तेव्हा जमेल, पण 'जोरात ओरडा' या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात छापता तशी नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी.

– एक वाचक, हडपसर, पुणे