बर्लिनहून: नोकरी, कुत्रा आणि तुमचे प्रश्न

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होते, थंडीचे कपडे पुरेसे आहेत. बाकीचे फोनवर कळतेच. पण आई, "दिवसभर तू ऑफिसात, मग त्या मुक्या जिवाचे काय?" याचे उत्तर फोनवर पुरे होत नाही. मध्येच बाबा "कशाला हवी होती ही ब्याद" म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून आज सगळे लिहूनच टाकते.

एक तर बंड्या पिल्लू नाही. तीन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन-चार तास लघवी धरते. नोकरीवाल्याच्या घरी त्याचे हाल होतात आणि गालिच्याचेही. वाढलेला, शांत स्वभावाचा कुत्रा चार ते सहा तास एकटा राहू शकतो. बंड्या पाच वर्षांचा आहे, वीस किलोचा. शिवाय इथे हे माझ्या मर्जीवर सोडलेले नाही. जर्मनीत नियमच आहे की कुत्र्याला बाहेर मोकळ्यावर पुरेसे फिरवायचेच. मीटिंग होती ही सबब चालत नाही.

सकाळची फेरी अर्धा-पाऊण तासाची, आणि ती भराभर चालण्याची नव्हे. त्याला हुंगू द्यायचे. मनसोक्त हुंगण्यानेही कुत्रा चांगला दमतो, नुसते पट्ट्याने ओढत नेण्यात ती मजा नाही. मग खाणे, आणि त्यानंतर तासभर विश्रांती. खाल्ल्याखाल्ल्या पळवले तर, विशेषतः मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत, पोटाला पीळ पडण्याची भीती असते, आणि त्यावर तातडीचे ऑपरेशन हाच उपाय. दुपारी फिरवायला एक बाई येतात. त्यांच्याकडे किल्ली आहे. फ्रिजवर कागद लावलेला आहे: खाणे किती ग्रॅम, डॉक्टरांचा नंबर, त्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक, खालच्या शेजारणीचा फोन. त्यांच्याबरोबर असताना पट्टा सोडायचा नाही हे ठरलेले आहे; नव्या माणसाच्या हातून निसटलेला कुत्रा हाकेला ओ देईलच असे नाही. संध्याकाळी मोठी फेरी, झोपण्याआधी दहा मिनिटे खाली.

खरी मेख एकटे राहण्याची सवय लावण्यात असते. लोक आठवडाभर रजा काढतात, चोवीस तास कुत्र्याच्या अंगाशी राहतात आणि सोमवारी एकदम आठ तास गायब होतात. मग दार ओरबाडलेले, लाळेने भिजलेले, दाराशीच लघवी. तो सूड नसतो, घाबरणे असते, त्यामुळे रागावून उपयोग शून्य. सुरुवात अर्ध्या मिनिटापासून करायची: दाराबाहेर जायचे, परत यायचे, कौतुक नाही, निरोप नाही. मग दोन मिनिटे, पाच, मध्येच पुन्हा एक, मग दहा. दर वेळी वाढवतच नेले तर त्याला अंदाज येतो आणि तो आधीच बेचैन होतो. किल्ल्या उचलून पुन्हा खुर्चीत बसायचे, म्हणजे किल्ल्यांच्या आवाजाची धास्ती जाते. कॅमेऱ्यात पाहून तो शांत असतानाच वेळ वाढवायची. बहुतेकांची गाडी पहिल्या अर्ध्या तासात अडते. तो पार पडला की कुत्रा सहसा झोपतो. म्हणून निघताना पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेले खाणे भरून, रात्रभर गोठवून द्यायचे. चाटण्यात तेवढा वेळ जातो. लांब सुट्टीनंतर मात्र ही उजळणी पुन्हा करावी लागते.

खाणे वजनकाट्यावर मोजायचे, वाटीने नाही. त्याच्या वजनाच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार-अकराशे कॅलरी लागतात, म्हणजे नेहमीचे कोरडे खाणे सुमारे २९० ग्रॅम. रबरी खेळण्यातले आणि बक्षिसाचे त्यातूनच वजा. बक्षीस एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही. पाणी लिटरभर. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे बंद. आई, लाडवांवरचे बेदाणेसुद्धा. त्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. लाडू मात्र पाठव, ते वरच्या कपाटात राहतील.

आता बाबांसाठी खास. तुम्ही घरपट्टी खात्यात आयुष्य काढलेत, म्हणून हे तुम्हालाच पटेल: इथे कुत्र्यावर कर आहे. हुंडेश्टॉयर म्हणतात. गावोगाव दर वेगळा. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो आणि पुढच्या प्रत्येकाला १८०. मांजराला काही नाही. प्रशियाने १८१० साली नोकर, घोडे, गाड्या आणि कुत्रे यांना चैनीच्या वस्तू ठरवून कर बसवला. नोकर-घोड्यांचा गेला, कुत्र्यांचा आजही आहे. आणि तुम्ही विचाराल तोच प्रश्न: हा पैसा कुत्र्यांसाठी खर्च होतो का? बांधील अजिबात नाही, सरळ तिजोरीत जातो. तरी लोक भरतात. पावतीसोबत गळपट्ट्याला लावायचा बिल्ला येतो, आणि वर विष्ठा स्वतःच्याच पिशवीत उचलायची.

"चावला तर?" विमा आहे. बर्लिनमध्ये तो सक्तीचाच आहे. "घरमालक काढेल." सरसकट कुत्राबंदीचे कलम इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्येच अवैध ठरवले आहे, आणि मी परवानगी लेखी घेतली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, ती तो माझ्यापेक्षा बरी पाळतो. पशुवैद्याचे दर सरकारने ठरवलेले आहेत. रात्री-अपरात्री नेले तर ५० युरो तातडीचे शुल्क आणि उपचाराचा दर किमान दुप्पट. त्यासाठी वेगळे पैसे ठेवले आहेत, पगारातून उधळते आहे असे समजू नका.

आजीला सांगा, त्याला घेऊन येणे सोपे नाही. भारतातून युरोपात परत आणायचा तर रेबीजच्या लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी लागते, आणि ती निघण्याआधी इथेच केली नाही तर परतताना तीन महिने अडकतो. आणि विमानाच्या पोटात इतका प्रवास दोन आठवड्यांसाठी मी करवणार नाही.

दिवाळीला येत नाही, पण ते बंड्यामुळे नाही. नोव्हेंबरात प्रोजेक्ट संपवून द्यायचे आहे. फेब्रुवारीत येते. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे पैसे सोमवारी टाकते, तारीख माझ्यासाठी थांबवू नका. बंड्याकडे दुपारी कोण येणार हे ठरवताना, तुमच्याकडे दुपारी कोण असते ते विचारले नाही. कामाच्या मावशी अजून येतात ना? दोन वेळ येणार असतील तर पगार वाढवा, वरचे मी देईन.

नाशिकच्या स्थळाबद्दल: फोटो पाहिला, चांगला दिसतो, बोलायला हरकत नाही. कुत्र्याचे आत्ताच सांगू नकोस असे तू म्हणालीस, पण आई, तेच आधी सांग. नंतर कळून मोडण्यापेक्षा बरे.

तुमची,
मनू