कळफलकाविषयी मित्रास पत्र

खानापूर

प्रिय मित्रास सप्रेम नमस्कार,

निपाणीच्या वाचनालयातील पुस्तकांची यादी संगणकावर उतरवण्याचे काम तू पत्करलेस, हे वाचून फार आनंद झाला. तिथे मराठीच्या शेजारी कन्नड पुस्तके आहेत आणि कचेरीशी होणारा पत्रव्यवहारही कन्नडमध्येच चालतो. तेव्हा कोणता कळफलक शिकावा, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर इन्स्क्रिप्ट हेच आहे.

रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची रीत आरंभी सोपी वाटते, हे खरे. परंतु आपल्या सीमाभागात इन्स्क्रिप्टचा लाभ दुहेरी आहे. १९९१ च्या भारतीय मानकात असलेली ही मांडणी आपल्या लिप्यांच्या समान वर्णमालेवर बेतलेली असल्यामुळे, 'के' या कळीवर मराठीत क उमटतो तसा कन्नडमध्येही क उमटतो, शिफ्टसह ख मिळतो आणि 'डी'वर दोन्हीकडे हलन्त असतो. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळे शिकावे लागतील. सेटिंग्जमध्ये दोन्ही भाषा एकदा जोडून घेतल्यास, विंडोज कळ धरून स्पेसबार दाबला की मांडणी बदलते.

खरी काळजी घ्यायची ती ऱ्याची. 'जे'वरचा साधा र, मग 'डी' आणि य असे दाबल्यास रफार होतो. शिफ्ट धरून 'जे' दाबल्यास नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो आणि पुढे तेच दोन वर्ण दाबल्यावर ऱ्य मिळतो. जांबोटीकडच्या दऱ्यांविषयीचे पुस्तक यादीत 'दर्या' म्हणून नोंदले गेले, तर वाचक ते समुद्राच्या पुस्तकांत शोधील. आपल्या मुलांना चुकीचे रूप सवयीचे व्हावे, हे मला मुळीच सहन होत नाही.

ॲ या अक्षराला २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, स्वतंत्र स्थान मिळाले. अ वर चंद्र चढवून केलेले अक्षर कित्येकदा तसेच दिसते, तरी शोध घेताना ते निराळे ठरू शकते. कळ सापडली नाही, तर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत शून्य नऊ सात दोन लिहून लगेच ऑल्ट आणि 'एक्स' दाब. किमतीपुढचे ₹ हे चिन्ह भारतीय इंग्रजी मांडणीत उजवा ऑल्ट आणि चार यांनी येते.

छापखान्याकडून जुन्या फॉन्टमधील यादी मिळाली, तर ती तशीच चिकटवू नकोस. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात आणि फॉन्ट बदलताच सारा मजकूर निरर्थक होतो. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घे, मग ऱ्या आणि जोडाक्षरे स्वतः डोळ्यांखालून घाल. पहिली काही पाने तयार झाली की मला पाठव. मी ती मनापासून तपासून देईन.

तुझा,
जिवलग मित्र