पायातली अक्षरं

होबार्ट,
१८ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, शिव्या घालू नकोस. पंधरा दिवस मेलालूकाला होतो. टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटाचा पार नैर्ऋत्य कोपरा. रस्ता नाहीच, होबार्टहून छोट्या विमानानं जायचं, नाहीतर आठवडाभर पायपीट. आणि पाऊस असा की आंबोलीची आठवण यावी.

काम काय, तर पोपट मोजायचे. हसू नको. ऑरेंज-बेलीड पॅरट म्हणतात त्याला, मी आपलं नारिंगपोट्या म्हणतो. बुलबुलाएवढा जीव, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. पाठ हिरवीगार, कपाळावर निळी पट्टी, पोटावर नारिंगी ठिपका. रानात घरटं करतो ते फक्त इथेच. थंडी पडायच्या आत बासची सामुद्रधुनी ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरच्या खाजणांत बिया टिपायला जातो. ती खाजणं माणसांनी कुठे बुजवली, कुठे गुरांना चरायला दिली. त्याच्या जुन्या मुक्कामांपैकी एक तर मेलबर्नचं मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र आहे!

२०१६ च्या वसंतात (इकडे ऋतू उलटे, वसंत सप्टेंबर-नोव्हेंबरात) परत आले १७. सतरा! आपल्या दहावी ब मध्ये याहून जास्त पोरं नापास झाली होती. त्याला वाचवायला पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी दर वर्षी सोडतात, झाडांवर लाकडी पेट्या टांगतात, गवताळ माळ मुद्दाम जाळतात. जळलेल्या माळावर काही वर्षांनी त्याच्या खाण्याची रोपं फोफावतात. इथले मूळ लोक पूर्वी हेच करायचे. त्यांना हुसकावलं आणि ती आगही विझली. २०२३ साली ८१ परतले.

तू विचारलंस, एवढ्याशा पाखरासाठी एवढा खर्च कशाला? खरं सांगू, मलाही कधी कधी तसंच वाटतं. कारण कोवळी पिल्लं पहिल्या हिवाळ्यात जातात ती बरीचशी येतच नाहीत. दाणे घालता येतात, पेट्या टांगता येतात. समुद्र त्याचा त्यानंच ओलांडायचा.

तर एका सकाळी दाण्यांच्या टेबलावर एक आला. प्रत्येकाच्या पायात अक्षरं कोरलेलं कडं असतं, ते दुर्बिणीतून वाचून वहीत टिपायचं. पठ्ठ्यानं नेमका तोच पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला आणि एका पायावर डुलक्या काढत बसला. काचेवर पाणी, बोटं बधिर, चाळीस मिनिटं गेली. माझ्या जोडीच्या आजीबाई पुटपुटत होत्या, "पाय काढ रे बाबा." शेवटी उडालाच, न दाखवता.

संध्याकाळी पुन्हा आला. या वेळी दोन्ही पाय खाली. अक्षरं वाचली, वही चाळली. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच पेटीत जन्मलेलं पिल्लू! आजीबाईंचा चहा वहीवर सांडला. तो डाग अजून त्या पानावर आहे.

मार्चच्या सुमारास पोपट परत निघतील. मला पुन्हा बोलावलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
सद्या